शंभरात किती?



2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, म्हणजे शंभरात दोनाहून थोडे अधिक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने 59 देशांतील प्रौढांच्या पाहणीवरून निराळाच हिशेब मांडला: श्रीमंत देशांत शंभरात सुमारे 12, गरीब देशांत 18. जनगणनेत लहान मुलेही धरली आहेत हे खरे, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

फरक पडला तो बराचसा प्रश्नामुळे. जनगणनेत विचारले, ही व्यक्ती अपंग आहे काय? पाहणीत विचारले, चालताना, पाहताना, रोजची कामे करताना किती अडचण होते? पहिल्या प्रश्नाला घरचा कर्ता सर्वांच्या वतीने उत्तर देतो, आणि लग्नाची मुलगी असेल तर 'नाही' म्हणतो. पुष्कळदा लपवण्याचा हेतूही नसतो. राजूरच्या कोळसा खाणीत किंवा चुनाभट्टीवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचे गुडघे गेले, ऐकू कमी येऊ लागले, तर तो म्हणतो, "वय झालं, चालायचंच." अपंग म्हणजे कुबड्या घेतलेला दुसराच कोणी, असे त्याला मनापासून वाटते.

सरकारला कुठेतरी रेषा ओढावीच लागते. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, तरी बहुतेक सवलतींना 40 टक्क्यांचा दाखला लागतो. तिजोरी अमर्याद नाही, तेव्हा हे समजण्याजोगे आहे. पण 35 टक्केवाल्याचे दुखणे म्हणून खोटे ठरत नाही. शेजारी या नात्याने आपले कर्तव्य त्या दाखल्यावरून ठरावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. दाखल्यावरून पैसे कोणाला द्यायचे ते ठरते. माणसाला काय जड जाते ते त्यालाच विचारावे लागते. बार्तिमयाचे आंधळेपण साऱ्या यरीहोला दिसत होते, तरी प्रभू येशूने त्याला काय हवे ते आधी विचारले.

येत्या आठवड्यात जे घरभेटींना जातील त्यांनी 'घरात कोणी अपंग आहे का' असे विचारू नये. चर्चच्या पायऱ्या चढवतात का, मागच्या बाकावर प्रवचन ऐकू येते का, गीतपुस्तकातली अक्षरे दिसतात का, एवढेच विचारावे. आणि आजीचे उत्तर आजीकडूनच घ्यावे, सुनेकडून नव्हे.