दाराला कडी कोणी लावावी?

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी नावाचे एक गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला, की अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरू नये. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बाजूला ठेवण्याचा रिवाज सुरू झाला. (आपल्या मोहल्ल्यांत दिवसातून पाच वेळा पुकार होतो, तेव्हा किती हात फोन खाली ठेवतात, हे मिंबरावरून स्पष्ट दिसते.) ग्रामसभेच्या अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते. मात्र त्या गावकऱ्यांना जे सलत होते, ते नागपुरातील आईबापांनाही सलते आहे. मुलाच्या हातात आपण जे दिले आहे ते पाठ्यपुस्तकही आहे आणि बाजारातल्या सर्वांत ओंगळ गल्लीकडे उघडणारे दारही आहे.

मग प्रश्न शासनापर्यंत जातो. अमेरिकेतील यूटा राज्याने २०२१ मध्ये असा कायदा संमत केला, की राज्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईल व टॅबलेटमध्ये अश्लील सामग्री अडवणारा फिल्टर आधीपासूनच चालू असावा. प्रौढ ग्राहकाला नको असेल तर त्याने तो बंद करावा. आणखी पाच राज्ये असाच कायदा करीपर्यंत हा अमलात येणार नाही, अशी मेखही त्यातच मारून ठेवलेली होती. ब्रिटनमध्ये २०१३ साली सरकारच्या आग्रहावरून मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडणीवर असे फिल्टर बसवण्यास आरंभ केला. आपल्या देशात अशी सक्ती नाही. फोनमध्ये सोय असते, पण ती निजलेली असते. ज्याला हवी त्याने शोधून जागी करावी. सारा वाद या क्रमाचा आहे. दार आधी उघडे असावे आणि हवे त्याने लावावे, की आधी लावलेले असावे आणि हवे त्याने उघडावे?

वाचकहो, या कल्पनेला आपल्यातीलच विचारी तरुण एक आक्षेप घेतात आणि तो हलका समजू नये. ते म्हणतात, "मौलाना, नजर खाली ठेवण्याचा आदेश मला आहे, फोनला नाही. यंत्राने अडवले म्हणून जे मी पाहिले नाही, ते मी अल्लाहच्या भयाने सोडले असे कसे म्हणता येईल?" हजरत यूसुफ (अलै.) यांचा प्रसंग आठवा. दारे बंद होती, पाहणारे कोणी नव्हते, बोलावणारी घराची मालकीण होती. आणि तरीही ते दाराकडे धावले. तकवा म्हणतात तो हाच. रात्री रजईत शिरून फोन उघडणाऱ्या माणसाची परीक्षा तीच आहे. ही परीक्षाच काढून घेतली, तर माणूस सुरक्षित होईल. परहेजगार होईलच असे नाही.

हे सारे खरे आहे. परंतु ते बालिग माणसाबद्दल खरे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची प्रसिद्ध हदीस आहे, की तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी गमावलेला शुद्धीवर येईपर्यंत. दहा वर्षांच्या मुलाने जे पाहिले त्याची नोंद त्याच्या खात्यात होत नाही. मग ती कोणाच्या खात्यात होते? प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) सांगितलेले आहे.

सूरह अन-नूर पुन्हा एकदा या दृष्टीने वाचावी. तिसाव्या आयतीत श्रद्धावान पुरुषांना आणि लगोलग पुढच्या आयतीत स्त्रियांना नजर खाली ठेवण्यास सांगितले आहे. तेथे संबोधन थेट त्यांच्याकडे आहे, कारण ते जबाबदार आहेत. अठ्ठावन्नाव्या आयतीत मुलांचा विषय येतो. फजरच्या आधी, दुपारी वस्त्रे सैल करण्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळी वयात न आलेल्या मुलांनीही परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत यावे. येथे संबोधन कोणाला आहे? मुलांना नाही, श्रद्धावानांना आहे. व्यवस्था मोठ्यांनी लावायची आहे. मुलाच्या कोवळ्या नजरेपुढे काय यावे आणि काय येऊ नये, हे त्याच्या इच्छाशक्तीवर सोडलेले नाही. घराच्या रचनेतच ते ठरवून दिले आहे. त्या तीन वेळी दार लावलेले असते आणि विचारल्यावर उघडते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदीनेतील घरांत जे परवानगीने होत असे, तेच आज फोनमध्ये आधीपासून चालू असलेल्या फिल्टरने होऊ शकते. त्यात मुलावर जुलूम झाला असे मला वाटत नाही.

फिकहच्या विद्यार्थ्यांना 'सद्दुज-जराए' हे सूत्र ठाऊक असते. वाइटाकडे नेणारी वाट आधीच अडवावी, हा त्याचा अर्थ. व्यभिचार करू नका इतकेच सांगून कुरआन थांबत नाही, त्याच्या जवळही जाऊ नका असे बजावतो. त्या आदेशाचा आत्मा या सूत्रात आहे. पण या सूत्राचे नाव घेऊन हवे ते बंद पाडता येत नाही. तेराव्या शतकातील मालिकी विधिवेत्ते इमाम कराफी यांनी याची मर्यादा फार सुंदर उदाहरणांनी दाखवली आहे. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत विहीर खणणे निषिद्ध, याविषयी सर्वांचे एकमत आहे. कारण कोणीतरी त्यात पडणारच. मात्र द्राक्षांपासून दारू होते म्हणून द्राक्षाची लागवडच बंद करावी, असे कोणीही म्हटले नाही. विदर्भात शेतातल्या उघड्या विहिरी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. विहीर बुजवा असे कोणी म्हणत नाही, तिच्यावर शिवार जगते. कठडा बांधा, एवढेच म्हणणे असते.

आणि कठडा बांधणे प्रत्येकाला जमत नाही, हेच कायद्याच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण मला दिसते. शहरातील सुशिक्षित बाप फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पाच मिनिटांत मुलासाठी वेगळे खाते उघडील. कामठीत विड्या वळणारी आई काय करील? ती सेटिंगची पाटी इंग्रजीत आहे आणि तिच्या मुलाला तिच्यापेक्षा फोन अधिक कळतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला, तेव्हा अनेक घरांत एकच फोन तीन भावंडांत फिरत होता. तो अजूनही फिरतो आहे. जो बचाव शोधून चालू करावा लागतो, तो जाणकारांच्याच लेकरांना मिळतो. आधीपासून लावलेली कडी मात्र त्या विडीवालीच्या लेकरालाही मिळते. परदेशी कायद्यांचे एक गृहीत आपल्याकडे तंतोतंत लागू पडत नाही, तेही येथेच सांगितले पाहिजे. एका माणसाचा एक फोन, असे ते धरून चालतात. आपल्याकडे दिवसा मुलाचा असलेला फोन रात्री वडिलांचा होतो. वडिलांनी स्वतःसाठी कडी काढली आणि तशीच ठेवली, तर कायदा काहीही करू शकत नाही.

येथवर मी कायद्याच्या बाजूने बोललो. आता जेथे माझे पाऊल अडते ते सांगतो.

काय अडवायचे, याची यादी कोणीतरी माणूसच करतो. ऑगस्ट २०१५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या आदेशाने ८५७ संकेतस्थळे बंद झाली आणि गदारोळ होताच काही दिवसांत आदेश सैल करण्यात आला. पुढे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने तो विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा तपासणीत असे आढळले की त्यांतील ३० ठिकाणी अश्लील असे काही नव्हतेच. मग ८२७ बंद झाली. ब्रिटनमध्ये तर फिल्टरने लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना मदत करणाऱ्या एका केंद्राचे संकेतस्थळच अडवले होते. ज्या मुलीला वाचवण्यासाठी कठडा बांधला, तिच्याच हातातला दोर कापला गेला. म्हणून यादी उघड असावी, चूक दाखवण्याची सोय असावी आणि ती दुरुस्त करण्याची मुदत ठरलेली असावी. २००९ मध्ये चीनने प्रत्येक नव्या संगणकावर 'ग्रीन डॅम' नावाचा फिल्टर सक्तीचा करण्याचे जाहीर केले होते. मुलांना अश्लीलतेपासून वाचवणे हे त्याचे सांगितलेले कारण. तपासणाऱ्यांना त्याच्या यादीत राजकीय शब्दही सापडले. तो आदेश अमलाच्या आदल्या दिवशी पुढे ढकलावा लागला. मुलांचे नाव घेऊन बांधलेल्या भिंतीत मोठ्यांची तोंडे चिणली जाऊ शकतात. अल्पसंख्य समाजाने तरी हे विसरू नये.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. अल्लाहने सूरह अल-हुजुरातमध्ये हेरगिरी, म्हणजे तजस्सुस, मना केली आहे. हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग इमाम गजालींनीही नोंदवला आहे. रात्री गस्त घालताना एका घरातून त्यांना गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले. समोर माणूस आणि मद्य होते. तो माणूस म्हणाला, की माझ्याकडून एक गुनाह झाला असेल, आपल्याकडून मात्र तीन झाले: आपण टेहळणी केली, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता आलात. इस्लामी राज्याचा खलिफा हे ऐकून परत फिरला. ॲपल कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये ग्राहकांच्या छायाचित्रांत बालशोषणाची ज्ञात चित्रे आहेत का, हे फोनमध्येच ताडून पाहण्याची योजना मांडली होती. हेतू निःसंशय चांगला होता, तरी डिसेंबर २०२२ मध्ये ती सोडून द्यावी लागली. चांगल्या हेतूनेही भिंत चढता येत नाही. एखाद्या ठरावीक गुन्ह्याची खबर मिळून पोलीस दारात आले, तर ती गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अमेरिकेतील बालसंरक्षण संस्थेशी करार झाल्यापासून अशा खबरा राज्यांकडे येतात. महाराष्ट्र सायबर विभागाची 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही मोहीम त्यांवरच उभी राहिली. खबरीवरून दार ठोठावणे आणि सर्वांच्याच भिंती चढणे, यांत फरक आहे. म्हणून माझे मत असे, की कायद्याने कडी लावून द्यावी; पण प्रौढाने ती केव्हा काढली, याची वही शासनाने किंवा कंपनीने ठेवू नये. तो हिशेब लिहिणारे आपल्या दोन्ही खांद्यांवर आहेत.

बहुतेक चर्चा येथे संपते आणि मला वाटते, खरा विषय येथून सुरू होतो. फिल्टर चित्र अडवील. ज्याचे चित्र आहे, त्या लेकराचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री पुढे पाठवली नाही, केवळ हेतुपूर्वक जवळ बाळगली, तरीही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. न्यायालयाने असेही सुचवले, की याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नये. तो मनोरंजनाचा एक प्रकार वाटतो. ते शोषण आहे, तेव्हा त्याला शोषणच म्हणावे. आपल्या व्हॉट्सॲप गटांत कोणा मुलीची चित्रफीत "बघा, काय चालले आहे" अशा शेऱ्यासह फिरते. पाठवणारा स्वतःला धर्माचा पहारेकरी समजतो. श्रद्धावानांत अश्लीलतेचा फैलाव व्हावा असे ज्यांना आवडते, त्यांच्याविषयी सूरह अन-नूरच्या एकोणिसाव्या आयतीत जी यातना सांगितली आहे, ती त्याने एकदा वाचावी.

आणि धमकी देणारा माणूस संकेतस्थळावर बसलेला नसतो. तो खेळात भेटतो, चॅटमध्ये गोड बोलतो. कधी ओळखीतला, कधी नात्यातला असतो. तो एक छायाचित्र मिळवतो आणि मग सांगतो, "घरी कळले तर?" त्याचे सारे सामर्थ्य या दोन-चार शब्दांत आहे आणि ते सामर्थ्य त्याला आपण पुरवतो. घरी कळले तर फोन हिसकावला जाईल, शाळा सुटेल, घराण्याच्या इज्जतीचा उद्धार होईल, हे त्या मुलीला ठाऊक असते. त्याच सूरहच्या तेहेतिसाव्या आयतीत, ज्या दासींना मालक देहविक्रयास भाग पाडीत, त्यांचा उल्लेख आहे. त्यांच्यावर जबरदस्ती झाली, तर त्यानंतर अल्लाह क्षमाशील व दयाळू आहे, असे तेथे सांगितले आहे. अल्लाह जिच्यावर दया करतो, तिला आपण कोणत्या अधिकाराने जाब विचारतो? काही घरांत तर "आपसात मिटवून टाकू" म्हणून वडीलधारी बसतात. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख गुप्त राखण्याची तजवीजही त्याच कायद्यात आहे. ज्या इज्जतीसाठी मौन पाळले जाते, तिची काळजी कायद्याने आधीच घेतली आहे.

एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि भर बैठकीत त्याने व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले आणि विचारले, तुझ्या आईसाठी तुला हे चालेल? मुलीसाठी? बहिणीसाठी? मग त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. ही हदीस मुस्नद अहमदमध्ये आहे. ती वाचताना माझे लक्ष दर वेळी एकाच गोष्टीकडे जाते, ती म्हणजे त्याला विचारावेसे वाटले. आपल्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला कोणाला विचारावेसे वाटेल?

मुलांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे मदतीचे दोन क्रमांक आहेत. आमच्या मकतबच्या भिंतीवर, नमाजच्या वेळांच्या तक्त्याखाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ते लिहून ठेवले आहेत. ज्या आयांना फोनमधला फिल्टर लावून हवा आहे, त्यांच्यासाठी रविवारी जोहरनंतर मकतबच्या मोठ्या मुली बसतात.