भरवसा आणि सावधपणा

गेल्या महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात माझी कीर्तनसेवा होती. रात्री अकराला कीर्तन संपले, मंडळी पांगली, आणि एक चाळिशीचा माळकरी गृहस्थ पाया पडून समोर बसला. कांद्याचा ट्रक घेऊन तो थेट चेन्नईपर्यंत जातो. वाटेत मंडप दिसला म्हणून गाडी बाजूला लावून कीर्तनाला बसला होता.

तो म्हणाला, "महाराज, एक शंका आहे. आमच्या मालकानं परवा सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं. औषधाची पेटी, तांबडा त्रिकोण, बॅटरी, आग विझवायचं नळकांडं, सगळं गाडीत ठेवा म्हणाले. माझ्या गाडीत पांडुरंगाची तसबीर आहे, गळ्यात माळ आहे. एवढा पाठीराखा असताना अपघाताची तयारी करायची, म्हणजे त्याच्यावर अविश्वासच दाखवायचा नाही का?"

मी विचारले, "माउली, आता कुठे निघालात?"

"पुढे. रात्रीच रस्ता मोकळा असतो."

"काल किती वेळ निजलात?"

तो नुसता हसला. मी म्हटले, "मग आधी निजा. उत्तर सकाळी देतो." त्याला सभामंडपात घोंगडे अंथरून दिले. सकाळी चहा घेताना त्याला चार शब्द सांगितले. पण ते अपुरे वाटले, म्हणून हा लेख. शिवाय हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. आपल्या संप्रदायात आज ट्रक, टँकर, एसटी, जीप चालवून पोट भरणारे माळकरी हजारोंनी आहेत. आणि आम्ही कीर्तनकार तरी दुसरे काय करतो? आज या गावी कीर्तन, उद्या शंभर कोसांवर काला. आमचेही पोट आणि आमची सेवा चाकांवरच चालते.

आता पूर्वपक्ष नीट मांडू. शंका तीन आहेत. देव रक्षणकर्ता असता तयारी करणे हा अविश्वास, ही पहिली. प्रारब्धात असेल ते टळत नाही, मग तयारी व्यर्थ, ही दुसरी. सदोदित संकटाचा विचार केल्याने मन भयाने ग्रासते आणि नामाला जागा उरत नाही, ही तिसरी.

पहिलीचे समाधान महाभारताच्या द्रोणपर्वातच आहे. सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन, अशी अर्जुनाने प्रतिज्ञा केली. त्या रात्री पांडवांच्या शिबिरात सारे काळजीत होते. भगवंताने काय केले? आपला सारथी दारुक याला बोलावून सांगितले की माझा स्वतःचा रथ उद्या सज्ज ठेव, त्यात गदा-चक्रादी आयुधे घाल, घोडे जुंपून ठेव, आणि माझ्या पांचजन्याचा ठराविक स्वर ऐकू आला की तत्काळ ये. बघा बरं! प्रत्यक्ष परमात्मा अर्जुनाचा सारथी. त्याला कशाची वाण? तरीही जादा रथ सज्ज, सामान भरलेले, आणि बोलावण्याची खूण आधी ठरलेली. आजच्या भाषेत म्हणायचे तर स्टेपनी, पेटी आणि फोनचा नंबर. देवच जर तयारी ठेवतो, तर भक्ताने ठेवली म्हणजे अविश्वास कसा होईल?

पुढे त्या रथाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अर्जुनाला तो लागलाच नाही. जयद्रथ पडल्यावर कर्ण सात्यकीवर चालून आला आणि सात्यकीजवळ रथ नव्हता. तेव्हा पांचजन्य वाजला, दारुकाने रथ आणला, आणि सात्यकी त्यावर चढून लढला. ज्याच्यासाठी तयारी केली त्याला ती लागली नाही. कामी आली ती दुसऱ्याच्या. शास्त्रकार देहलीदीपन्याय सांगतात: उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. गाडीतल्या तयारीचे तसेच आहे.

हे मी पोथीतून सांगतो आहे, पण शिकलो मात्र रस्त्यावर, आणि फार महाग किंमत देऊन. ती गोष्ट आजवर मी कीर्तनात सांगितली नाही. आज लिहितो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यात रात्री कीर्तन झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काल्याचे कीर्तन दूर दुसऱ्या जिल्ह्यात. भाड्याची जीप होती, चालक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. आम्ही दुपारी निजलो होतो, तो मात्र सकाळपासून गाडीवर होता. रात्री दोनच्या सुमारास तो म्हणाला, "महाराज, डोळे जड झालेत. तासभर टेकू का?" मी म्हणालो, "अरे, नाम घेत चल. पांडुरंग आहे." थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच उत्तर दिले, यावेळी थोडे रागावून.

पहाटे जीप रस्ता सोडून ज्वारीच्या शेतात शिरली आणि बाभळीवर आदळली. मला खरचटले. पोराच्या कपाळाला खोक पडली. आणि आमच्या मृदंगवादकाचा उजवा हात मनगटात मोडला.

मिट्ट काळोख. गाडीत बॅटरी नाही, स्वच्छ चिंधी नाही, प्यायला पाणी नाही. आपण नेमके कुठल्या गावाच्या शिवारात आहोत, हे एकालाही सांगता येईना. दोन-तीन गाड्या आल्या तशा निघून गेल्या. मग एक ट्रक थांबला. चालक दक्षिणेकडला, त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला येईना. विठ्ठलाचे नाव त्याने ऐकले होते की नाही, कोण जाणे. पण त्याने आधी मागे जाऊन त्रिकोण ठेवला, मग पेटी आणली. पोराच्या कपाळावर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरली आणि रक्त थांबेपर्यंत हात काढला नाही. मृदंगवादकाच्या हाताखाली पुठ्ठ्याची पट्टी देऊन हात गळ्यात बांधला. आम्हा सर्वांना तालुक्याच्या दवाखान्यात सोडले आणि पैसे न घेता निघून गेला. सात्यकीला दारुकाचा रथ कसा आला असेल, ते मला त्या दिवशी कळले.

हात जुळला, पण मृदंगावर पूर्वीसारखा बसला नाही. ते गृहस्थ मला कधीही एक शब्द बोलले नाहीत. एवढेच म्हणत, "माझे प्रारब्ध, महाराज."

इथे दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. शास्त्राने कर्माचे तीन भाग केले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध काय होते, हे भोगून झाल्यावरच कळते. भोगण्यापूर्वी हातात असते ते फक्त क्रियमाण. चालकाला तासभर निजू देणे हे माझे क्रियमाण होते, आणि ते मी केले नाही. मृदंगवादक म्हणाले, माझे प्रारब्ध. त्यांना तसे म्हणण्याचा अधिकार आहे. दुःख पचवण्यासाठी संतांनी ते औषध दिले आहे. पण मला तो अधिकार नाही. आपल्या निष्काळजीपणाला दुसऱ्याचे प्रारब्ध म्हणणे, यासारखी लबाडी नाही. सोसणाऱ्याच्या तोंडी जो शब्द भक्तीचा, तोच करणाऱ्याच्या तोंडी पापाचा होतो.

आणि खोलवर पाहिले तर त्या रात्री माझा भरवसा देवावर नव्हताच. माझा भरवसा माझ्या घाईवर होता. काल्याला उशीर झाला तर लोक काय म्हणतील, ही माझी धास्ती. तिला मी पांडुरंगाचे नाव दिले. अहो, आपला देव कोणता? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, म्हणून त्याने फेकलेल्या विटेवर जो थांबून राहिला, तो! भक्ताचे काम पुरे होईपर्यंत तिष्ठत उभा राहणारा देव माझ्या चालकाची झोप पुरी होईपर्यंत थांबला नसता काय? थांबायला तयार नव्हतो तो मी.

म्हणून पहिली तयारी पेटीची नव्हे, थांबण्याची. द्रोणपर्वातच आणखी एक प्रसंग आहे. त्याच दिवशी, सूर्य कलत असताना, अर्जुनाचे घोडे थकले, बाणांनी जखमी झाले. भगवंताने भर रणात रथ थांबवला, घोडे सोडले, अंगातले बाण उपटले, त्यांना चोळले, पाणी पाजले. अर्जुन खाली उतरून शत्रूला अडवीत उभा राहिला. सूर्यास्ताची मुदत डोक्यावर असताना सारथी थांबतो आणि धनी त्याला थांबू देतो! आपल्या मालाची मुदत याहून मोठी आहे काय?

थांबण्याचे कारणही समजून घ्या. साठाच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. डोळा तीन सेकंद मिटला, तर पन्नास मीटर गाडीला धनीच नसतो. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ देहधर्माने झोपेची आहे. खिडकी उघडून, चहा पिऊन, मोठ्याने गाणी लावून झोप जात नाही, नुसती लपते. तिला उपाय झोपच. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डोळा लागला तरी बरे वाटते, पण रात्रभराची उणीव त्याने भरत नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असा दंडक घातला होता. म्हणजे ही गोष्ट साठ वर्षांमागेही ठाऊक होती.

घाटाचेही तसेच. बोरघाट असो की कसारा घाट, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिनाचा आवर सुटला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. ज्या गिअरात घाट चढतो, साधारण त्याच गिअरात उतरावा, असे जुने चालक सांगतात, ते यासाठी.

आता सामान. त्रिकोण, बॅटरी, चकाकणारे जाकीट, आगीचे नळकांडे, चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा, जॅक, हवा पाहिलेली स्टेपनी, पाणी, थोडा गूळ-फुटाणा, आणि औषधाची पेटी, जी वर्षातून दोनदा तरी उघडून पाहिलेली असावी. त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवावा. वेगाच्या रस्त्यावर आणखी दूर. कित्येक जण दगड मांडतात आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तसेच टाकून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा तो काळ ठरतो. आपले संकट टळल्यावर दुसऱ्यासाठी संकट ठेवून जाणे माळकऱ्याला शोभत नाही. खिशात एक कागद असावा: नाव, रक्तगट, चालू औषधे, घरचा नंबर. आणि तीन आकडे पाठ असावेत: कोणत्याही आणीबाणीला ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. किलोमीटरचा दगड पाहत जावे, म्हणजे कुठे आहोत हे सांगता येते.

जखमी दिसला तर वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. आपल्याकडे ही चूक दयेपोटी होते आणि जीव घुसमटतो. आगीचे किंवा गाड्यांचे भय नसेल तर त्याला ओढाताण करून हलवू नये, कारण मान-पाठ दुखावलेली असू शकते. पोलिसांच्या लचांडाला भिऊन पुष्कळ जण पुढे निघून जातात. ते भय आता ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने २०१९ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि सद्हेतूने केलेल्या मदतीत उणे राहिले तरी त्याच्यावर खटला चालत नाही.

तिसरी शंका भयाची. तिला उत्तर आपली वारी. आषाढीला निघताना वारकरी घोंगडे, पावसाचा कागद, औषधाच्या गोळ्या बांधून घेतो. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला शिस्त घालून दिली. तिच्यात कोणी कुठे चालायचे, कोणाच्या खुणेने थांबायचे, हे सारे ठरलेले. यामुळे वारकरी भयाने चालतो का? उलट सारे जागच्या जागी असते, म्हणूनच पाऊस आला तरी भजन मोडत नाही. भय असते ते तयारी नसलेल्याला. पेटी जागेवर असली की मन नामाला मोकळे.

वारीवरून एक मागणे मागतो. दिंडीचा ट्रक आपल्या पुढे जातो; तंबू, भांडी, शिधा सारे त्यात. आपण मुक्कामी पोहोचून पाय दाबून घेतो. पण तो चालक कधी निजतो, हे कोणी विचारतो का? सप्ताहाच्या मंडळांनीही कीर्तनकाराच्या गादीबरोबर त्याच्या चालकासाठी एक अंथरूण आणि वेळेवर पान मांडावे. आणि आम्हा कीर्तनकारांनी एका रात्रीची दोन गावे घेऊ नयेत. हा नेम मी त्या बाभळीनंतर केला आहे. उत्पन्न कमी झाले, देव कमी झाला नाही.

सकाळी तो कांदेवाला निघाला तेव्हा त्याने तसबिरीला हार घातला आणि मग सीटमागची पेटी काढून उघडून पाहिली. आत पट्ट्या होत्या, कात्री नव्हती. मी माझ्या पिशवीतली दिली.

रामकृष्ण हरि.