कैद्याचा होकार

विज्ञानकथांतून एक पात्र वारंवार भेटते. किरकोळ चोरीत सापडलेला एखादा इसम जीवघेण्या प्रयोगात ओढला जातो. जिवंत परतल्यास शिक्षा माफ होईल, असे आमिष त्याला दाखवलेले असते. तो परत येतो की नाही, इकडे आपले लक्ष लागते. त्याच्या होकाराला होकार म्हणावे काय, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

याच्या जवळ जाणारा प्रसंग मुंबईत खरोखर घडला. १८९६मध्ये तेथे प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी मांसरसात तुपाचे थेंब सोडून त्या रोगाचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी स्वेच्छेने लस घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही अधिक आढळले. पुढे लक्षावधी लोकांना ही लस टोचण्यात आली.

हाफकिन यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जी जोखीम इतरांना घ्यायला सांगितली, ती त्यांनी आधी स्वतः पत्करली. तरीही दोघांच्या होकारांत अंतर आहे. लसीत काय आहे, हे हाफकिन जाणत होते. कैद्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागले. शिवाय प्लेगच्या दिवसांत गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहण्याची वाट आपल्या माळव्यातील वडीलधाऱ्यांनाही ठाऊक होती. मुंबईतूनही हजारो लोक बाहेर पडले. कैद्यापुढे ती वाट नव्हती. सुई घ्यावी किंवा कोठडीत रोगाची वाट पाहावी, एवढीच त्याची निवड.

म्हणून त्याचा होकार खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. तसे म्हटले, तर शिक्षेसोबत त्याची विवेकबुद्धीही आपण काढून घेतो. अपुऱ्या स्वातंत्र्यातही माणूस विचार करतो, धैर्य दाखवतो. परंतु असा होकार घेणाऱ्यावर अधिक ऋण चढते. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेने प्रयोगासाठी मुक्त संमती अनिवार्य मानली, ती याच जाणिवेतून.

आपल्या महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९मध्ये घटना समितीत बजावले होते की, प्रत्येकाला एक मत मिळाले तरी समाजजीवनात प्रत्येकाचे मूल्य समान होईलच असे नाही. होकाराचेही तसेच आहे. शब्द एकच असला, तरी तो उच्चारणाऱ्याच्या पाठीशी किती वाटा मोकळ्या आहेत, हे पाहावे लागते.

मुंबईतील त्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. भायखळ्याच्या त्या कैद्यांची नावे मात्र आपल्या स्मरणात नाहीत. त्यांचे अपराध शिक्षा भोगून फिटले असतील. आपल्यावरील त्यांचे ऋण अद्याप फिटलेले नाही.