घराघरांतली मारिआन

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मुलीचं नाव मारिआन ठेवणं अगदी सर्रास होतं. मारी म्हणजे येशूची आई आणि आन ही त्या मारीची आई. दोन्ही नावं जोडली की लेकीला दोघींचा आशीर्वाद. शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या घरांत हे नाव पदोपदी भेटे.

1792 साली राजेशाही गेली. सरकारी शिक्क्यावर आता राजाचा चेहरा नको, मग कोणाचा? नव्या सभेने ठरवलं: उभी स्त्री, हातात भाला आणि त्याच्या टोकावर गुलामगिरीतून सुटका सांगणारी फ्रिजियन टोपी. पण या स्त्रीला नाव नव्हतं. प्रजासत्ताकाला मारिआन म्हणून हाक मारल्याचा सर्वांत जुना दाखला सापडतो तो दक्षिणेतल्या प्युइलोरांस गावच्या गियोम लाव्हाब्रच्या गाण्यात. हा जोडे शिवणारा माणूस, आणि गाणंही पॅरिसच्या फ्रेंचमध्ये नव्हे, तिकडच्या ऑक्सिटन बोलीत. त्यात आजारी मारिआन बरी होते. मला हे फार मोलाचं वाटतं. चित्र सरकारने दिलं, नाव मात्र लोकांनी आपल्या घरातलं दिलं.

पुढे सत्ता पालटत राहिली, नाव तगलं. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात प्रजासत्ताकवाद्यांची एक गुप्त संघटनाच ‘मारिआन’ नावाची होती. 1855 च्या ऑगस्टमध्ये त्रेलाझेच्या पाटीच्या दगडाच्या खाणींतले मजूर तिच्या भरवशावर आंजे शहरावर चालून गेले. त्यांचा उठाव मोडला गेला. 1870 नंतर प्रजासत्ताक परत आलं आणि गावोगावच्या नगरभवनांत मारिआनचे अर्धपुतळे बसू लागले.

त्याच नगरभवनांत लग्नं लागत. अधिकारी वधूवरांना नागरी संहितेचं 213 वं कलम वाचून दाखवी: नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. म्हणजे भिंतीशी मारिआन राष्ट्र म्हणून विराजमान, आणि तिच्यासमोर एखादी खरीखुरी मारिआन आज्ञापालनाचं कलम निमूट ऐकून घेतेय. आज्ञापालनाची ही अट गेली 1938 मध्ये. हुबेर्तिन ओक्लेरसारख्या बाईने मताच्या हक्कासाठी उभं आयुष्य वेचलं, 1908 मध्ये पॅरिसच्या मतदान केंद्रात मतपेटी उलथून टाकली. ती 1914 मध्ये गेली, मत न देताच. 1919 मध्ये कनिष्ठ सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराला मान्यता दिली होती, सिनेटने ती 1922 मध्ये फेटाळली. अखेर हक्क मिळाला 1944 मध्ये, प्रत्यक्ष मत पडलं 1945 च्या वसंतात. स्त्रीचं नाव घेऊन चाललेल्या राज्याने स्त्रीला दीडशे वर्षं ताटकळत ठेवलं. हा निव्वळ योगायोग नव्हे, असं माझं मत आहे. पुतळा काही मागत नाही, म्हणून त्याला मान देणं सोपं जातं.

1969 च्या सुमारास अर्धपुतळ्याला अभिनेत्री ब्रिजित बार्दोचा चेहरा मिळाला, 1985 मध्ये अभिनेत्री कात्रीन दनव्हचा. सुंदर चेहरे, यात शंका नाही. पण लाव्हाब्रच्या मारिआनशी त्यांचं नातं मला लागत नाही. ते लागतं 2003 च्या जुलैत. त्या वेळी पॅरिसच्या संसद भवनाच्या दर्शनी खांबांवर भलीमोठी छायाचित्रं टांगली गेली: शहराबाहेरच्या वस्त्यांतल्या तरुणी, कित्येक जणी स्थलांतरितांच्या मुली. मथळा होता, ‘आजच्या मारिआन’.