हे धन कोणाचं?

आजचं चिंतन : ईशावास्य उपनिषद, पहिला मंत्र

मंत्राचा भाव थोडक्यात असा : या जगात जे जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे. म्हणून त्यागाच्या वृत्तीने उपभोग घे, लोभ धरू नकोस. मंत्राच्या शेवटच्या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दोन्ही दिले आहेत. एक, कोणाच्याही धनाची हाव धरू नकोस. दुसरा अर्थ प्रश्नाच्या रूपात आहे : हाव कशाला धरतोस, मुळात धन आहे कोणाचं?

आज हा प्रश्न एका अगदी व्यवहारातल्या गोष्टीला लावून बघू. ती गोष्ट म्हणजे साइड इनकम.

आधी एक शंका दूर करू. पगारापेक्षा जास्त कमवावंसं वाटणं म्हणजे लोभ का? मला तसं वाटत नाही. आपल्या परंपरेत अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, फक्त त्याच्या आधी धर्म ठेवलेला आहे. तुकोबांच्या घरात तर पिढीजात वाण्याचा व्यवसाय होता. धन उत्तम व्यवहाराने जोडावं आणि उदास मनाने खर्चावं, असं ते सांगतात. म्हणजे धन जोडण्याला त्यांची हरकत नाही, ते कसं जोडलं याला महत्त्व आहे. घरभाडं, ईएमआय, आईबाबांची औषधं या गरजा खऱ्या आहेत. त्यांची लाज वाटायचं कारण नाही.

आता उपनिषदाचा प्रश्न विचारा : हे धन कोणाचं?

टेलिग्रामवर मेसेज येतो. घरबसल्या काम, गूगल मॅप्सवर हॉटेलला पाच स्टार द्या, दीडशे रुपये मिळतील. आणि ते खरंच मिळतात! मग 'प्रीपेड टास्क' येतो. हजार भरा, तेराशे घ्या. मग पाच हजार, मग पन्नास हजार. स्क्रीनवर आकडा वाढत जातो, पण काढायला गेलं की आधी 'टॅक्स' भरायला सांगतात. इथे थांबून विचारा, पहिले दीडशे रुपये कोणी दिले? त्या हॉटेलमालकाला तर आपलं नावही माहीत नाही. मग ते बहुधा आपल्याआधी फसलेल्या कोणाचे तरी असणार. आणि त्या हॉटेलात पाऊलही न टाकता दिलेले पाच स्टार हे खोटं बोलणंच होतं, हे आपण सोयीने विसरतो.

ही युक्ती जुनी आहे. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी 45 दिवसांत 50 टक्के नफा द्यायचा. तो पैसा नव्याने येणाऱ्या लोकांच्या खिशातला होता. आपल्याकडेही 'तीन मेंबर जोड' छापाच्या साखळी योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे. नाव बदलतं, ॲप बदलतं, पैशाची वाट तीच राहते.

याहून वाईट प्रकार म्हणजे बँक खातं भाड्याने देणं. कॉलेजच्या मुलांना सांगतात, 'तू काहीच करायचं नाहीस, फक्त खातं वापरायला दे, कमिशन घे.' मुलाला वाटतं, मी कुठे चोरी केली? पण त्या खात्यातून जाते ती कोणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी असू शकते. पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्या दारात येतात, ते पुढचं. 'हे धन कोणाचं' हे न विचारणं, हाच पहिला अपराध आहे.

सेबीच्या 2024 च्या अभ्यासात तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाल्याचं दिसलं. ते कायदेशीर आहे, पण कायदेशीर असलेली प्रत्येक गोष्ट 'इनकम' नसते.

मग बरा मार्ग कोणता? जिथे या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं तो. दहावीच्या मुलीला गणित शिकवलं, तिच्या पालकांनी फी दिली. दुकानाची वेबसाइट केली, दुकानदाराने पैसे दिले. दिवाळीला चकल्या केल्या, सोसायटीतल्या लोकांनी विकत घेतल्या. देणारा कोण आणि कशासाठी देतोय, दोन्ही स्पष्ट आहे. यात आकडा लहान असतो आणि हळू वाढतो. काम मिळवण्यासाठी आपणच पैसे भरायचे असतील, तर ते काम नाही. पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन टाकायला सांगत असतील, तर तिथेच थांबा.

आपल्या आयटीवाल्यांसाठी हाच प्रश्न जरा टोचणारा आहे : ही वेळ कोणाची? ऑफिसच्या तासांत, ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेलं फ्रीलान्सिंग प्रामाणिक कष्टाचं असलं तरी वेळ आधीच विकलेली आहे. करारपत्र वाचा, परवानगी मागा. नाही म्हणाले तर ते 'नाही' पाळा. फसवणाऱ्यांना नावं ठेवताना आपलीही वही तपासलेली बरी.

एक शेवटचं. कोणी फसलं की आपण पटकन म्हणतो, 'लोभ नडला.' दरवेळी तसं नसतं. कित्येकदा गरज नडलेली असते आणि लाजेने माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. त्याला प्रवचन देऊ नका. आधी त्याच्याजवळ बसून 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावून द्या. ईश्वर सगळीकडे व्यापून आहे म्हणतो ना आपण, मग तो त्या माणसातही आहे.

आजचा संकल्प : या महिन्यात खात्यात आलेल्या प्रत्येक रकमेपुढे दोन गोष्टी लिहा. कोणी दिले, कशासाठी दिले. एखादी जागा कोरी राहिली, तर उद्याच्या नामस्मरणाआधी तिचं उत्तर शोधा.

राम कृष्ण हरी!