दुसऱ्याचा कान

स्वतःचा आवाज रेकॉर्डवर पहिल्यांदा ऐकला की बहुतेकांचा चेहरा पडतो. हा आपला आवाज नाहीच, असं वाटतं. कारण साधं आहे. बोलताना आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं खर्ज जास्त पोचवतात. म्हणून तो आपल्याला भारदस्त वाटतो. इतरांनी मात्र तो तसा कधीच ऐकलेला नसतो. ज्याचं पोट आवाजावर आहे, त्याला यामुळेच दुसऱ्याचा कान लागतो. अडचण अशी, की जाणकार कान बहुधा स्पर्धकाचाच असतो.

अंधेरीच्या डबिंग स्टुडिओंत काम मागणाऱ्या मुलामुलींना हे रोज भोगावं लागतं. ऑडिशनचे दोन टेक घरूनच, गोधड्या लावून खोलीचा घुमारा मारत रेकॉर्ड करायचे आणि पाठवून द्यायचे. काम मिळालं तर फोन येतो. नाही मिळालं तर का नाही, हे कुणी कळवत नाही. अशा वेळी त्याच भूमिकेसाठी धडपडणारी मैत्रीणच सांगते, ‘भ’ माइकवर फुटतोय, वाक्याच्या शेवटचं ‘आहे’ गिळतोस, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकच करून टाकलास. ‘मस्त झालंय रे’ म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने तसं केलं नाही, आणि कदाचित त्यापायी स्वतःचं काम गमावलं. या पेशातली खरी सचोटी इथे दिसते.

असा कान देणारे डॉज बटलर हे अमेरिकी कार्टूनपटांतलं मोठं नाव. योगी बेअर आणि हकलबरी हाउंड यांचे आवाज त्यांचे. १९७०च्या दशकात ओहायोत शिकणाऱ्या नॅन्सी कार्टराइटने त्यांना फोन केला आणि आन्सरिंग मशीनवर लंडनच्या कॉकनी ढंगात निरोप ठेवला. बटलर यांनी लगेच उलट फोन केला. मग त्यांनी तिला टपालाने संहिता पाठवली. तिने वाचून टेप पाठवायची, त्यांनी ती ऐकून टिपणं काढून पाठवायची. असं वर्षभर चाललं. १९७८ मध्ये ती लॉस एंजेलिसला शिकायला आली आणि दर रविवारी बस पकडून तासाभराच्या शिकवणीला त्यांच्या घरी जाऊ लागली. ज्या हॅना-बार्बेरा कंपनीत बटलर स्वतः काम करायचे, तिथल्या दिग्दर्शकांशीही त्यांनी तिची गाठ घालून दिली. पुढे १९८७ मध्ये ती कार्टूनमधल्या लिसा सिम्पसनच्या भूमिकेच्या ऑडिशनला गेली, तिला लिसाचा भाऊ बार्ट जास्त आवडला, तो वाचून दाखवला आणि जागच्या जागी भूमिका मिळाली.

वर्षभर दुसऱ्याच्या टेप मन लावून ऐकणं हे पैसे देण्यापेक्षा कठीण. त्यात वेळ तर जातोच, शिवाय आपल्याला जे उमगलंय ते हातचं न राखता द्यावं लागतं.

बटलर यांची एक आठवण फार बोलकी आहे. १९६१ च्या जानेवारीत आवाजाचेच कलाकार असलेले मेल ब्लँक यांना भीषण मोटार अपघात झाला. ‘द फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतला बार्नी रबल हा त्यांचा आवाज. काही भागांसाठी तो बटलर यांनी काढला. प्लास्टरमध्ये जखडलेले ब्लँक पडल्या पडल्या रेकॉर्डिंग करू लागले, तेव्हा बार्नी पुन्हा त्यांचा झाला.

तरी स्पर्धकांनी आपसात माहिती वाटून घेण्यालाही मर्यादा आहेच. अमुक ठिकाणी तरुण मुलीचा आवाज हवाय, हे सांगणं वेगळं आणि न झळकलेल्या जाहिरातीची संहिता पुढे सरकवणं वेगळं. ती संहिता विश्वासाने हाती आलेली असते, अनेकदा गुप्ततेच्या करारासह. अभिप्राय हवा असेल तर सरावाचा उतारा वाचावा. बटलर तर शिष्यांसाठी असे प्रवेश स्वतः लिहीत.

आता वाटून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आली आहे. यंत्राला शिकवून आवाजाची नक्कल करता येते, त्यामुळे करारातलं एखादं बारीक कलम सही करणाऱ्याचा आवाज कायमचा दुसऱ्याच्या ताब्यात देऊ शकतं. पहिल्या कामासाठी आसुसलेला नवखा ते कलम वाचतही नाही. ज्याने ते वाचून काम नाकारलं, त्याने गप्प न बसता पुढच्या चौघांना फोन करून ते दाखवून द्यायला हवं, मग त्यातले दोघं उद्या त्याच्याच भूमिकेसाठी रांगेत उभे असले तरी.