नवशिक्याला नवशिक्याचा काय आधार?

अमेरिकेतील जॉश क्लार्क यांनी १९९६ साली, कधीच न धावलेल्यांसाठी ९ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखला. आठवड्यातून ३ दिवस; आरंभी ६० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे; अखेर ५ किलोमीटर. पुष्कळ जण तो जोडीने करतात.

येथे शंका निघते. पंग्वंधन्यायात एकाला पाय, दुसऱ्याला डोळे. म्हणून देवघेव जमते. इथे तर दोघेही धापा टाकणारे! एकाला नाही तेच दुसऱ्यालाही नाही. मग कोणी कोणाला काय द्यावे?

आम्ही म्हणतो, श्वास उसना मिळत नाही हे खरेच. पण नवशिका फसतो तो बहुधा घाईने. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, असे त्याला सांगतात. आता बोलायला दुसरा नको का? बोलणे तुटले की समजावे, वेग फार झाला. सोबती हेच माप.

आणि एकाचा दम आधी वाढला तर? त्याने एखादे दिवशी खुशाल पुढे जावे. पण जोडीच्या दिवशी मागच्याची चाल धरावी. लंडनच्या बुशी पार्कात २००४ साली सुरू झालेल्या पार्करनमध्ये एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागे चालतो. त्यामुळे धावणाऱ्यांत शेवटचा कोणी उरतच नाही. दम ज्याचा त्याचा. मागे पडल्याची लाज मात्र दुसऱ्याला वाटून घेता येते.